पिप, नमपाय आणि पार्टनरचा लॅपटॉप

मराठी विभागासाठी काहीतरी लिही, असं संपादक मंडळाने सांगितलं तेव्हा मला आधी हसूच आलं. बालवर्गापासून दहावीपर्यंत मी कॉन्व्हेंटमध्ये. मराठी हा आमचा आठवड्यातून चार तासांचा विषय. 'अठ्ठेचाळीस' म्हटलं की आजही मी आधी मनात इंग्रजीत मोजते. माझं मराठी जे काही सुधारलं ते हॉस्टेलवर येऊन, आणि तेही माझ्या रूमपार्टनरमुळे. ही गोष्ट तिच्याच लॅपटॉपची आहे, म्हणून ती मराठीतच लिहायला हवी. चूकभूल द्यावी घ्यावी.

एक सूचना आधीच. या विभागात रोमन अक्षर चालत नाही, त्यामुळे सगळ्या कमांड मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजीत कराव्यात, नाहीतर उद्या मलाच बोल लावाल!

त्या रात्री काय झालं

तिसऱ्या वर्षाचा मिनी प्रोजेक्ट. विषय कापसाच्या पानाचा फोटो घेऊन त्यावर कोणता रोग आहे ते ओळखणे. विषय पार्टनरचा, कारण कापूस तिच्या घरचा. फोटो साफ करण्याचं काम माझ्याकडे, त्यासाठी ओपनसीव्ही. मॉडेल शिकवण्याचं काम तिच्याकडे, त्यासाठी टेन्सरफ्लो. मी माझ्या लॅपटॉपवर, ती तिच्या. दोघींचं आपापल्या जागी उत्तम चालत होतं. जोडायचं मात्र आम्ही रिव्ह्यूच्या आदल्या रात्रीवर ठेवलं. इंजिनीअरिंगची परंपराच ती, मोडणार कशी?

रात्री अकराला पार्टनर रीडिंग हॉलमध्ये ओरलचं वाचायला गेली. मी तिच्या लॅपटॉपवर माझा कोड टाकला. पहिल्याच ओळीला 'सिंटॅक्स एरर'. तिच्याकडे उबंटू २२.०४, म्हणजे पायथन ३.१०. माझ्याकडे पायथन ३.१२. मी एका एफ-स्ट्रिंगमध्ये दुहेरी अवतरणाच्या आत पुन्हा दुहेरी अवतरण वापरलं होतं. ते ३.१२ पासून चालतं, ३.१० ला चालत नाही. आतलं अवतरण एकेरी केलं असतं तर दहा सेकंदांत विषय संपला असता.

पण मी हुशार ना! मी तिच्या लॅपटॉपवर ३.१२ टाकलं आणि 'पायथन३' हे नाव ज्या फाइलकडे बोट दाखवतं ते बोट सुडो करून ३.१० वरून ३.१२ कडे वळवलं. न विचारता. कोड एक पाऊल पुढे गेला. मी खुशीत टर्मिनल बंद केलं, पुन्हा उघडायला गेले, तर टर्मिनल उघडेना. सॉफ्टवेअर अपडेटर उघडेना. लॅपटॉप चालू, पण आत शिरायचं दारच बंद!

साडेबाराला पार्टनर आली. तिचं सगळं टर्मवर्क, जर्नलच्या फाइल, प्रोजेक्ट, सगळं त्याच लॅपटॉपवर. तो लॅपटॉप तिच्या वडिलांनी हप्त्यांवर घेतलेला आणि हप्ते अजून चालू, हे मला माहीत होतं. मी खरं ते सांगितलं. ती रागावली नाही, म्हणजे चेहऱ्यावर तरी नाही. एवढंच म्हणाली, "रडायचं नंतर. आधी काय काय केलंस ते क्रमाने कागदावर लिही."

मित्रमैत्रिणींनो, या लेखातला सगळ्यात मोलाचा सल्ला हाच, आणि तो माझा नाही.

कागद घेऊन आम्ही वरच्या मजल्यावरच्या फायनल इयरच्या ताईंचं दार वाजवलं. त्यांनी कागद वाचला, कंट्रोल-आल्ट-एफ३ दाबलं, काळा पडदा आला, लॉगिन केलं आणि एका ओळीच्या कमांडने ते बोट पुन्हा ३.१० कडे वळवलं. रीस्टार्ट. टर्मिनल उघडलं. एकूण वेळ पाच मिनिटं. त्यातली तीन त्यांची झोप उतरायला गेली.

नंतर त्यांनी आम्हाला खाली बसवून जे समजावलं, ते मी पुढे माझ्या भाषेत लिहिते आहे. मागाहून मी स्वतः वाचून आणि करून पाहून त्यात भर घातली आहे.

पिप म्हणजे नेमकं काय?

पायथन ही भाषा गिडो व्हॅन रॉसम यांनी १९९१ मध्ये पहिल्यांदा लोकांपुढे आणली. (नाव सापावरून नाही, 'माँटी पायथन' या ब्रिटिश विनोदी मंडळीवरून!) भाषेबरोबर थोडं सामान येतं, बाकीचं जगभरातल्या लोकांनी लिहिलेलं असतं. या सामानाच्या एका गठ्ठ्याला पॅकेज म्हणतात. सगळी पॅकेजेस जिथे ठेवतात ते भांडार म्हणजे पायपीआय, २००३ पासून सुरू. आज तिथे पाच लाखांहून जास्त पॅकेजेस आहेत. भांडारातून सामान आणून आपल्या यंत्रात लावणारा हमाल म्हणजे पिप. हा २००८ मध्ये इयन बिकिंग यांनी लिहिला. पायथन ३.४ पासून, म्हणजे २०१४ पासून, तो पायथनबरोबरच मिळतो.

तुम्ही पिपला म्हणता, पांडाज आण. तो पांडाजच्या गठ्ठ्यावरची चिठ्ठी वाचतो. त्यात लिहिलेलं असतं, मला नमपाय लागतो, अमुक आवृत्तीपासून पुढचा. मग तो नमपाय आणतो. त्याची चिठ्ठी वाचतो. असं करत करत एक मागितलं तर दहा येतात. यालाच डिपेन्डन्सी म्हणायचं, म्हणजे एकाचं दुसऱ्यावर अवलंबून असणं.

आता मुख्य मुद्दा. हे सगळं सामान 'साइट-पॅकेजेस' नावाच्या एका फोल्डरमध्ये जातं आणि तिथे एका नावाचं एकच पॅकेज राहू शकतं. नमपाय १.२६ आणि नमपाय २.० शेजारी शेजारी नांदत नाहीत. नवा आला की जुना गेला. जावास्क्रिप्टच्या एनपीएमचं वेगळं आहे, तिथे प्रत्येक पॅकेज आपल्या पोटात स्वतःची वेगळी आवृत्ती ठेवू शकतं. पायथनमध्ये रूमला एकच कपाट, आणि त्यात एकाच मापाचा गणवेश.

मग भांडण कशावरून होतं?

आवृत्तीचे आकडे वाचायला शिका. १.२६.४ यात पहिला आकडा मोठ्या बदलाचा, दुसरा नव्या सोयींचा, तिसरा किरकोळ दुरुस्तीचा. निदान तसा संकेत तरी आहे, पाळणं लेखकाच्या हातात. पहिला आकडा बदलला की सावध व्हायचं. नमपाय १.० आला २००६ मध्ये आणि २.० आला जून २०२४ मध्ये. अठरा वर्षांत पहिल्यांदाच मोठा आकडा बदलला. नमपायच्या आत सीमध्ये लिहिलेला भाग आहे आणि बरीच पॅकेजेस त्या भागाला थेट जोडून बांधलेली असतात. १.एक्सवर बांधलेली ती पॅकेजेस २.० बरोबर चालेनात. प्रोग्राम सुरू करताक्षणी पडायला लागला.

आमचं भांडण असं होतं. पार्टनरचं टेन्सरफ्लो २.१६, त्याची चिठ्ठी म्हणते, नमपाय २ च्या खालचाच हवा. माझं ओपनसीव्ही ४.१२, त्याची चिठ्ठी म्हणते, नमपाय २ किंवा त्याच्या पुढचाच हवा. एक मैत्रीण म्हणते चारच्या आत भेटू, दुसरी म्हणते पाचनंतरच जमेल. भेट होणार कशी? इथे पिपची चूक नाही, नेटची नाही, तुमचीही नाही. उत्तरच अस्तित्वात नाही!

अशा वेळी पिप दोन प्रकारे वागतो, आणि हा फरक कळला की निम्मी डोकेदुखी जाते.

पहिला प्रकार, दोन्ही पॅकेजेस एकाच कमांडमध्ये आकड्यांसकट मागितली. पिप सगळ्या चिठ्ठ्या एकत्र वाचतो, जमत नाही असं दिसलं की 'रिझोल्यूशन इम्पॉसिबल' म्हणून थांबतो. काहीच बिघडत नाही. ही कडक तपासणी नोव्हेंबर २०२० च्या २०.३ या आवृत्तीपासून आली. त्याआधीचा पिप जी अट आधी दिसेल ती धरून पुढे जायचा.

दुसरा प्रकार, आज एक टाकलं, उद्या दुसरं. तेव्हा पिप फक्त आज मागितलेल्याचा विचार करतो. आधीपासून घरात असलेल्यांच्या अटी तो पूर्ण तपासत नाही. तो नवा नमपाय लावून टाकतो आणि शेवटी लाल अक्षरात कबुली देतो की अमुक पॅकेजला तमुक आवृत्ती लागते, पण तुमच्याकडे भलतीच आहे. आणि त्याखालीच लिहितो, 'सक्सेसफुली इन्स्टॉल्ड'. आपण फक्त शेवटची ओळ वाचतो आणि चहाला जातो.

उपाय तीन. एक, सगळी पॅकेजेस एकाच फाइलमध्ये लिहून एकदम मागा. दोन, अधूनमधून 'पिप चेक' चालवा, कोण कोणावर नाराज आहे ते तो सांगतो. तीन, दोघांच्या अटींत बसेल अशी मधली आवृत्ती शोधा. ओपनसीव्ही ४.१० ला नमपाय १.२६ चालतो. माझ्या कोडला ४.१२ मधलं काहीही लागत नव्हतं. मी फक्त 'लेटेस्ट' म्हणून ते घेतलं होतं! एक आकडा खाली आले आणि भांडण मिटलं.

कोणता पायथन, कोणता पिप?

ताईंचं म्हणणं, दहातल्या निम्म्या तक्रारी याच असतात: "पिपने टाकलं, पण इम्पोर्ट होत नाही." कारण एका यंत्रात दोन-तीन पायथन असतात आणि प्रत्येकाचं कपाट वेगळं. पिपने एकाच्या कपाटात ठेवलं, प्रोग्राम दुसऱ्याच्या कपाटात शोधतोय.

म्हणून नुसतं 'पिप इन्स्टॉल' न लिहिता 'पायथन३ -एम पिप इन्स्टॉल' अशी सवय लावा. म्हणजे ज्या पायथनने प्रोग्राम चालवणार, त्याच्याच पिपला काम सांगितलं जातं. खात्री करायची असेल तर 'पायथन३ -एम पिप --व्हर्जन'. तो कोणत्या फोल्डरमधला आणि कोणत्या पायथनचा, दोन्ही सांगतो. विंडोजवर 'पाय -०' लिहिलं तर बसवलेले सगळे पायथन दिसतात, आणि 'पाय -३.११ -एम पिप' असं हवा तो निवडता येतो. विंडोजवर 'पायथन' टाइप केल्यावर स्टोअरचंच पान उघडत असेल, तर बहुधा पायथन बसवताना 'पाथमध्ये टाका' या चौकोनात खूण करायची राहिली आहे.

नेहमीचे संदेश आणि त्यांचा अर्थ

'अशी आवृत्ती सापडली नाही', पुढे कंसात 'फ्रॉम व्हर्जन्स: नन'. याची कारणं साधारण तीन. नाव चुकलंय, नेट किंवा प्रॉक्सी अडवतेय, किंवा तुमच्या पायथनसाठी ते पॅकेज बांधलेलंच नाही. टेन्सरफ्लो २.१६ पायथन ३.९ ते ३.१२ साठी आहे. ३.१३ वर कितीही डोकं आपटा, पिप ती आवृत्ती देणार नाही. नवा पायथन म्हणजे चांगला पायथन असं नाही, आपल्या पॅकेजेसना चालणारा तो चांगला.

'मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी++ १४.० हवं'. घाबरू नका, कंपायलर शोधत लगेच धावूही नका. पॅकेज दोन रूपांत मिळतं, तयार बांधलेलं 'व्हील' आणि कच्चा सोर्स. तुमच्या पायथनला जुळणारं व्हील नसलं की पिप कच्चा माल आणून तुमच्याच यंत्रावर बांधायला बसतो आणि कंपायलर मागतो. आधी बघा की दुसऱ्या पायथनसाठी व्हील आहे का. बहुतेक वेळा एक पायरी खाली उतरलं की काम होतं.

'नो मॉड्यूल नेम्ड डिस्टयूटिल्स'. हा भाग पायथन ३.१२ मधून, म्हणजे ऑक्टोबर २०२३ पासून, काढून टाकला आहे. तुम्ही टाकत असलेलं पॅकेज जुनं आहे, त्याची नवी आवृत्ती बघा.

नावांचा घोळ. मागताना एक नाव, वापरताना दुसरं. 'ओपनसीव्ही-पायथन' मागायचं, इम्पोर्ट करायचं 'सीव्ही२'. 'पिलो' मागायचं, इम्पोर्ट 'पीआयएल'. 'सायकिट-लर्न' मागायचं, इम्पोर्ट 'एसके-लर्न'. अंदाजाने नाव टाकू नका. प्रसिद्ध नावासारखं दिसणारं नाव देऊन वाईट कोड भांडारात ठेवणारे लोकही असतात. एक अक्षर चुकलं तर चोराला आपणच दार उघडून दिलं असं होतं.

आणि माझा आवडता घोळ! आमच्या बॅचमधल्या एकीने सरावाच्या फाइलला 'रँडम' हेच नाव दिलं. पायथन आधी प्रोग्रामच्याच फोल्डरमध्ये शोधतो. त्याला तिची फाइल सापडली, खरी रँडम लायब्ररी राहिली बाजूला. तिने दोनदा पायथन काढून पुन्हा टाकला. फाइलचं नाव बदलल्यावर एका मिनिटात सुटलं.

मेसच्या भटारखान्यात शिरू नका

आता माझा गुन्हा. उबंटूमधली बरीच कामं, टर्मिनल उघडण्यापासून अपडेटपर्यंत, स्वतः पायथनवर चालतात, आणि तेही त्या उबंटूबरोबर आलेल्या ठरावीक पायथनवर. तो पायथन म्हणजे मेसचा भटारखाना. तिथून सगळं हॉस्टेल जेवतं. मला तिखट कमी लागलं म्हणून मी तिथे जाऊन सगळ्या भाजीचा मसाला बदलला! 'सुडो पिप' करणं हाही त्याच जातीचा प्रकार.

डेबियन १२ आणि उबंटू २३.०४ पासून, म्हणजे २०२३ पासून, या भटारखान्यावर पाटीच लावली आहे. पिप तिथे काही टाकायला नकार देतो आणि सांगतो, 'एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट'. पुष्कळ जण ही पाटी म्हणजे एरर समजून ती ओलांडायची युक्ती शोधतात. युक्ती आहे, पिपचा संदेशच ती सांगतो, पण तिच्या नावातच 'ब्रेक' हा शब्द आहे. यावरून काय ते समजा.

खरा मार्ग म्हणजे प्रत्येक प्रोजेक्टला स्वतःचं कपाट. याला व्हेन्व म्हणतात, पायथन ३.३ पासून (२०१२) तो भाषेबरोबरच येतो. प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये जाऊन लिहा, 'पायथन३ -एम व्हेन्व घर'. मग 'सोर्स घर/बिन/ॲक्टिव्हेट', विंडोजवर 'घर\स्क्रिप्ट्स\ॲक्टिव्हेट'. ओळीच्या सुरुवातीला कंसात घराचं नाव दिसलं की तुम्ही आत आहात. आता काहीही टाका, काढा, मोडा, बाहेर कोणाला धक्का लागत नाही. उबंटूवर 'एन्शुअरपिप मिळत नाही' असं आलं तर व्हेन्वचं वेगळं पॅकेज ॲप्टने आधी टाकावं लागतं. आणि सगळंच बिघडलं तर? ते फोल्डर डिलीट करा, पुन्हा बनवा. आपला कोड त्या फोल्डरच्या बाहेर ठेवायचा, एवढंच पथ्य.

सगळं चालू लागलं की लगेच 'पिप फ्रीझ'चं उत्तर 'रिक्वायरमेंट्स' नावाच्या टेक्स्ट फाइलमध्ये साठवा. प्रत्येक पॅकेजचा नेमका आकडा त्यात असतो. दुसऱ्या यंत्रावर 'पिप इन्स्टॉल -आर' आणि त्या फाइलचं नाव लिहिलं की तेच सामान, त्याच आकड्यांचं.

हॉस्टेलचं नेट आणि पेनड्राइव्ह

हे फक्त आपल्यासाठी. टेन्सरफ्लो २.१६ चं लिनक्सवरचं व्हील ५०० एमबीपेक्षा मोठं आहे. रात्री दहानंतर आपल्या नेटवर ते उतरवणं म्हणजे बादलीला भोक पाडून पाणी भरणं. 'रीड टाइम्ड आउट' आलं तर '--टाइमआउट १००' जोडून बघा. पण त्यापेक्षा चांगलं हे की एकीने सकाळी 'पिप डाउनलोड -डी सामान -आर रिक्वायरमेंट्स' करून सगळी व्हील्स 'सामान' या फोल्डरमध्ये घ्यायची आणि पेनड्राइव्हवर फिरवायची. बाकीच्यांनी 'पिप इन्स्टॉल --नो-इंडेक्स --फाइंड-लिंक्स सामान -आर रिक्वायरमेंट्स'. नेट लागतच नाही. अट एकच, दोन्ही यंत्रांवर ऑपरेटिंग सिस्टिम आणि पायथनची आवृत्ती सारखी हवी. विंडोजचं व्हील लिनक्सला चालत नाही.

दुसरा दिवस

पहाटे तीनपर्यंत आम्ही व्हेन्व बनवलं, नमपाय १.२६ वर दोघींचं सामान बसवलं आणि माझ्या एफ-स्ट्रिंगमधलं अवतरण बदललं. (हो, शेवटी तेच केलं.) पाचला नेट मोकळं असताना व्हील्स उतरवून पेनड्राइव्हवर घेतली.

रिव्ह्यूला सरांनी लॅपटॉपवरचा डेमो बघितला आणि विचारलं, "तुमच्या मशीनवर चालतंय ते दिसलं. लॅबच्या पीसीवर चालेल का?" एरवी या प्रश्नावर आम्ही एकमेकींकडे बघितलं असतं. लॅबमध्ये उबंटू २२.०४च होतं आणि व्हेन्वचं पॅकेज लॅब असिस्टंट काकांनी वर्षाच्या सुरुवातीलाच टाकून ठेवलं होतं. आम्ही पेनड्राइव्ह लावला. काही मिनिटांत पानाचा फोटो पडद्यावर आणि खाली रोगाचं नाव. सर काही बोलले नाहीत, नुसतं वहीत टिक केलं. काकांनी मात्र मागून हळूच विचारलं, "ती फाइल मला देता का? बाकीची पोरं रोज रडत येतात माझ्याकडे."

पार्टनरशी माझं बोलणं त्या रात्रीच सुरळीत झालं, पण एक नियम तेव्हापासून आमच्या रूमच्या दारामागे चिकटवलेला आहे, तिच्या अक्षरात: 'दुसऱ्याच्या लॅपटॉपवर सुडो लिहिण्याआधी विचारावे.' त्याखाली मी माझ्या अक्षरात भर घातली आहे: 'आणि स्वतःच्याही.'

कधी अडलात तर आमच्या रूमवर या. येताना फक्त एक कागद आणा, त्यावर काय काय केलं ते क्रमाने लिहिलेलं. रडणं नंतर बघू.

– तृतीय वर्ष, संगणक अभियांत्रिकी